पत्रक आत्ता कोणाकडे आहे?

विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रके काढणाऱ्या एका संस्थेच्या प्रकाशन विभागात मी चौदा वर्षांपासून काम करते. सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा या पिकांवरची आमची पत्रके पूर्वी कागदी फाइलवरून फिरत आणि छापून झाली की गावोगाव जात. संस्थेचे संकेतस्थळ ड्रुपल या प्रणालीवर नव्याने उभे करायचे ठरले, तेव्हा मसुद्यापासून प्रकाशनापर्यंतचे टप्पे त्या प्रणालीत बसवण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण संगणकाचे नाही. मुद्रितशोधन आणि फाइल चालवणे ही माझी कामे, आणि या कामात जे कळले ते त्याच बाजूने कळले.

कागदी फाइलची वाट सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. लेखक कच्चा मसुदा देत असे, त्यावर विभागाची टिपणी चढे, मग तो विषयतज्ज्ञांकडे जाई, तिथून दुरुस्तीसह परत येई, शुद्ध प्रत होई, मुद्रितशोधन होई आणि शेवटी "मान्यतेस्तव सादर" असे लिहून फाइल प्रमुखांच्या टेबलावर ठेवली जाई. मधल्या कोणत्याही मुक्कामी "चर्चा करावी" किंवा "दुरुस्तीसह फेरसादर करावे" असा शेरा पडला की फाइल मागे फिरे. ही पद्धत संथ होती, पण कागदावर कोणी काय बदलले आणि त्याखाली कोणाची लघुस्वाक्षरी आहे हे वर्षांनंतरही सापडत असे. नव्या प्रणालीत हे हरवू नये, एवढी एकच अट मी स्वतःला घालून घेतली होती.

ही अट मला इतकी महत्त्वाची का वाटली, याला एक प्रसंग कारण आहे. आमची जुनी पत्रके युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली होती आणि ती युनिकोडमध्ये आणताना रफार, जोडाक्षरे आणि विरामचिन्हे इकडची तिकडे होत. अशाच एका पत्रकाच्या मुद्रितात "प्रति १० लिटर पाण्यात २.५ मिली" या ओळीतला दशांशचिन्हाचा टिंब गळाला आणि मात्रा २५ मिली झाली. वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध होते, त्यामुळे नुसते वाचत गेलेल्या कोणालाही त्यात वावगे दिसले नसते. मूळ प्रतीशी आकडा ताडून पाहणाऱ्या आमच्या सहकारी मुद्रितशोधक बाईंच्या ते लक्षात आले. दहापट मात्रा फवारली तर पीक जळू शकते, आणि पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसाच्या जिवालाही धोका असतो. पत्रक कोणी तपासले आणि कोणत्या प्रतीशी ताडून तपासले, हा प्रश्न त्यामुळे आमच्याकडे केवळ दप्तरी शिस्तीचा राहिलेला नाही.

ड्रुपलमध्ये यासाठी दोन मॉड्यूल, म्हणजे प्रणालीचे ठरावीक काम करणारे भाग, एकत्र चालतात. टप्पे आणि त्यांच्यामधल्या वाटा 'वर्कफ्लोज'मध्ये आखायच्या असतात आणि त्या मजकुराला लागू करण्याचे काम 'कन्टेन्ट मॉडरेशन' करते. हे दुसरे मॉड्यूल मार्च २०१८ मधल्या ८.५ या आवृत्तीपासून पक्के म्हणून मूळ प्रणालीत आले. मसुदा, प्रकाशित आणि संग्रहित असे तीन टप्पे तयारच मिळतात, बाकीचे आपण जोडायचे. टप्प्याला मराठी नाव देता येते आणि ते पुढे बदलताही येते. यंत्राने ओळखण्याचे त्याचे आतले नाव मात्र सुरुवातीलाच विचार करून ठरवावे लागते. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेला 'ट्रान्झिशन' म्हणतात. अशी एक वाट अनेक टप्प्यांतून निघू शकते, पण पोहोचते एकाच टप्प्यात, आणि त्या वाटेने पत्रक कोणी न्यायचे याची परवानगी प्रत्येक वाटेसाठी वेगळी द्यावी लागते.

पहिल्या आराखड्यात मी कागदी फाइलची हुबेहूब नक्कल केली. कच्चा मसुदा, विभागीय टिपणी, तज्ज्ञांकडे, तज्ज्ञांकडून परत, शुद्ध प्रत, मुद्रितशोधन, मान्यतेसाठी, प्रकाशित आणि संग्रहित असे नऊ टप्पे झाले, त्यांच्यामध्ये बावीस वाटा झाल्या, आणि सहा प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी परवानग्यांच्या तक्त्यात एकशे बत्तीस चौकटी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या मी दोन दिवस बसून भरल्या आणि काम अगदी चोख झाले असे मला मनापासून वाटले.

महिन्याभरात सात पत्रके "तज्ज्ञांकडून परत" या टप्प्यात अडकून पडली. लेखकाला वाटे की पत्रक अजून तज्ज्ञांकडेच आहे. तज्ज्ञांच्या बाजूने ते निकाली निघालेले होते. आमच्या विभागाची समजूत अशी की परत आले म्हणजे लेखक पाहील. कागदाच्या जगात "परत" ही एक हालचाल होती. शिपायाने फाइल आणून टेबलावर ठेवली की ती संपत असे आणि ज्याच्या टेबलावर फाइल पडली त्याची जबाबदारी त्या क्षणी सुरू होत असे. मी त्या हालचालीचाच मुक्काम करून टाकला होता, आणि त्या मुक्कामी कोणाचेही टेबल नव्हते.

आमचे सेवानिवृत्त मुख्य लिपिक त्या सुमारास काही कामासाठी कार्यालयात आले होते. कोणते प्रकरण आले आणि पुढे कुठे गेले हे टिपणारी कार्यविवरण नोंदवही त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने लिहिली होती. पडद्यावरची नऊ नावे त्यांनी शांतपणे वाचली आणि विचारले, "ताई, यातल्या कोणत्या ठिकाणी कोण नाही म्हणू शकतो, ते सांगा बरं." मी सांगू लागले आणि माझ्याच लक्षात आले की नाही म्हणण्याचा अधिकार फक्त तीन ठिकाणी आहे. मजकूर आणि आकडे तज्ज्ञ नाकारू शकतात, भाषा आणि मांडणी आम्ही नाकारू शकतो आणि प्रमुख संपूर्ण पत्रकच नाकारू शकतात. बाकी सगळी ये-जा होती. त्यांच्या नोंदवहीतही प्रकरण कोणाकडे आहे याचा रकाना होता, ते कोणत्या अवस्थेत आहे याचा नव्हता.

मग मी टप्पे नव्याने आखले. मसुदा, तज्ज्ञ तपासणी, मुद्रितशोधन, मान्यतेसाठी, प्रकाशित आणि संग्रहित असे सहा टप्पे राहिले आणि प्रत्येकासमोर त्या टप्प्यातल्या पत्रकाला उत्तरदायी असलेल्या पदाचे नाव लिहिले. "शेऱ्यासह परत" ही आता एक वाट झाली. ती तिन्ही तपासण्यांतून निघते आणि थेट मसुद्यात पोहोचते, म्हणजे पत्रक लेखकाच्याच टेबलावर येते. जुने टप्पे काढताना प्रणालीने मला अडवले, कारण ज्या टप्प्यात एखादे पत्रक उभे आहे तो टप्पा ती काढू देत नाही. आधी अडकलेली सातही पत्रके एकेक करून योग्य ठिकाणी हलवावी लागली. त्या अडवणुकीचा तेव्हा मला त्रास झाला, पण ती नसती तर ती सात पत्रके कुठे गेली असती हे मला आजही सांगता येणार नाही.

यानंतरची चूक माझी होती आणि तिचा फटका बाहेरच्या माणसांना बसला.

ड्रुपलमध्ये टप्पा तयार करताना त्याच्या खाली दोन चौकटी येतात. या टप्प्यात आल्यावर मजकूर प्रकाशित समजायचा का, ही पहिली. या टप्प्यातली प्रत 'डिफॉल्ट रिव्हिजन' समजायची का, ही दुसरी. दुसरीचा अर्थ मी असा लावला की तज्ज्ञांनी हात लावलेली प्रत हीच यापुढे प्रमाण प्रत मानावी. म्हणून "तज्ज्ञ तपासणी" या टप्प्याला मी दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि पहिली, अर्थातच, रिकामी ठेवली. नव्या पत्रकांच्या बाबतीत त्याने काहीच बिघडले नाही, कारण ती पत्रके बाहेर कोणी पाहतच नव्हते.

जुलैच्या मध्यात सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याचे पत्रक दुरुस्तीला घेतले. ते आधीपासून प्रकाशित होते आणि त्याचा दुवा अनेक गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत होता. लेखकाने एक परिच्छेद सुधारला आणि पत्रक तज्ज्ञ तपासणीला पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कृषी सहायकांचा फोन आला. दुवा उघडला की हे पान पाहण्याची परवानगी नसल्याचा संदेश येतो आणि शेतकरी विचारताहेत की पत्रक काढून का घेतले, असे त्यांनी सांगितले. मी यादीत पाहिले तर पत्रक तज्ज्ञ तपासणीत होते, जिथे ते असायला हवे होते तिथेच. बाहेरच्या जगाला मात्र ते नाहीसे झाले होते.

'डिफॉल्ट रिव्हिजन' म्हणजे वाचकासमोर उभी असलेली प्रत, हा अर्थ मला त्या सकाळी कळला. दुरुस्तीच्या टप्प्याला ती खूण नसेल तर जुनी प्रकाशित प्रत वाचकासमोर तशीच राहते आणि नवी प्रत आतल्या आत तपासण्यांतून फिरत मान्यता मिळाल्यावर तिची जागा घेते. मी खूण केल्यामुळे तपासणीतली, म्हणजे अप्रकाशित, प्रतच वाचकासमोर उभी राहिली होती आणि साहजिकच ती त्याला दिसत नव्हती. चक्रीभुंग्याची मादी फांदीवर किंवा पानाच्या देठावर दोन चक्राकार खाचा पाडून मधल्या भागात अंडी घालते आणि वरचा भाग सुकू लागतो. शेतकऱ्याला ते दिसते त्या आठवड्यातच सल्ला हवा असतो. आमचे पत्रक त्याच आठवड्यात जवळजवळ एक दिवस बंद राहिले, याचे मला फार वाईट वाटले. खूण काढणे हे दोन मिनिटांचे काम होते. त्यानंतर टप्प्यांत कोणताही बदल केला की एक प्रकाशित पत्रक चाचणीसाठी त्या वाटेने फिरवायचे आणि ते फिरत असताना लॉगिन न केलेल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याचे पान उघडून पाहायचे, असा नियम आम्ही केला आणि तो आजवर मोडलेला नाही.

ही दोन प्रतींची गोष्ट इतरांना समजावून सांगणे मात्र बरेच दिवस चालले. आमच्या कीटकशास्त्राच्या तज्ज्ञांनी एकदा मला बोलावून घेतले. "मॅडम, मी काल सांगितलेली दुरुस्ती यात दिसत नाही. तुम्ही केलीच नाही का?" सरांनी प्रकाशित पान उघडले होते. मी त्यांना वरचा 'ताजी आवृत्ती' हा टॅब उघडायला सांगितला आणि दुरुस्ती तिथे होती. "म्हणजे शेतकऱ्याला अजून जुनेच दिसते आहे?" त्यांनी विचारले. मी हो म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग हे माझ्याकडे पडून राहणे बरे नाही." त्या दिवसापासून त्यांच्याकडचे कोणतेही पत्रक चार दिवसांहून अधिक थांबलेले मी पाहिलेले नाही. ते आजही कागदावर लाल पेनाने शेरे लिहितात आणि आम्ही ते आवृत्तीच्या नोंदीत त्यांच्या शब्दांत उतरवतो. प्रत्येक प्रत जतन करताना काय बदलले ते लिहिण्याचा रकाना ड्रुपल देते. "दुरुस्ती केली" एवढेच लिहून तो भरायचा नाही, "तक्त्यातील ओळ ३, मात्रा मूळ शिफारशीशी ताडली" असे लिहायचे, असा आमचा आग्रह असतो. जुन्या टिपणीची जागा कशाने घेतली असेल तर ती या रकान्याने.

संग्रहित या टप्प्याकडे सुरुवातीला कोणी फारसे लक्ष दिले नव्हते, माझेही गेले नव्हते. शासकीय दप्तरात अभिलेखांचे अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा आणि ड वर्गाचा वर्षभराने नष्ट करायचा. त्या सवयीने आम्ही संग्रहाकडे केवळ जपणुकीच्या दृष्टीने पाहत होतो. पण शेतीच्या पत्रकात कालबाह्य मजकूर घातक असू शकतो. आमच्या काही जुन्या सोयाबीन पत्रकांत ट्रायझोफॉस या कीटकनाशकाची शिफारस होती. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी आली. अशी पत्रके शोधून मी संग्रहित टप्प्यात टाकली. या टप्प्याला 'प्रकाशित' ही खूण नसते आणि 'डिफॉल्ट रिव्हिजन' ही खूण असते, म्हणजे जी जोडी तज्ज्ञ तपासणीला चुकीची ठरली तीच इथे बरोबर आहे, कारण इथे पान वाचकासमोरून जावे हाच हेतू असतो. पाने गेली. काम झाले असे आम्ही समजलो.

ऑगस्टमध्ये एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, तुमच्या कागदावरलं औषध आता येतच नाही म्हणते दुकानदार. मंग मारू काय?" कोणता कागद, असे विचारल्यावर त्यांनी तो मला पाठवला. ती आमची पीडीएफ होती, संग्रहित केलेल्या पत्रकाचीच, आणि त्यांनी ती जुन्या दुव्यावरून आदल्या रात्री उतरवून घेतली होती.

ड्रुपलमध्ये फाइल ठेवण्याच्या दोन जागा असतात, सार्वजनिक आणि खासगी. सार्वजनिक जागेतली फाइल वेब सर्व्हर थेट देऊन टाकतो; पत्रक मसुद्यात आहे, प्रकाशित आहे की संग्रहित आहे हे तो कोणाला विचारत नाही. आम्ही टप्पे पानाला लावले होते आणि शेतकरी वाचत होते ती पीडीएफ त्या टप्प्यांच्या बाहेर पडून होती. त्यात आणखी भर अशी की सुधारित पीडीएफ त्याच नावाने चढवली की प्रणाली नव्या फाइलच्या नावाच्या शेवटी शून्याचा आकडा जोडते आणि जुनी फाइल, मागच्या आवृत्तीचा भाग म्हणून, जुन्याच पत्त्यावर राहते. म्हणजे सुधारित पत्रकांच्या बाबतीतही गटांवर फिरणारा फाइलचा दुवा जुनाच कागद देत होता.

त्या शेतकऱ्यांना मी तज्ज्ञांशी बोलून पर्यायी शिफारस कळवली आणि त्याच दिवशी जुन्या पीडीएफ सर्व्हरवरून बाजूला करवून घेतल्या. कायमची दुरुस्ती मात्र तीन आठवडे चालली. रकान्यात एकदा फाइल चढल्या की त्या कोणत्या जागेत ठेवायच्या हे बदलता येत नाही, त्यामुळे खासगी जागा वापरणारा नवा रकाना करून तीनशेहून अधिक पत्रकांच्या फाइल तिकडे हलवाव्या लागल्या. खासगी फाइल मागितली की ड्रुपल आधी ते पत्रक मागणाऱ्याला पाहता येते का हे तपासते आणि मगच ती देते. सोबत, कोणालाही फाइलचा दुवा न पाठवता पानाचाच दुवा पाठवायचा असे ठरले आणि पानावर सर्वांत वर "सुधारित दिनांक" ठळक अक्षरांत येऊ लागला. असे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी पाहायला सांगेन: टप्पे नेमके कशाला लागू झाले आहेत, आणि वाचकाच्या हातात जे पोहोचते तेही त्यात आले आहे का.

मराठी आणि इंग्रजी प्रतींचा प्रश्न त्यामानाने सरळ सुटला. प्रत्येक भाषेतल्या प्रतीचा टप्पा स्वतंत्र असतो, त्यामुळे मराठी पत्रक प्रकाशित आणि त्याचे इंग्रजी भाषांतर अजून तपासणीत, असे चालते. मात्रेचे आकडे आम्ही भाषांतर न होणाऱ्या वेगळ्या रकान्यात घेतले. ते फक्त मूळ मराठी प्रतीत बदलता येतात आणि दोन्ही भाषांत तेच दिसतात. दोन ठिकाणी आकडा टंकण्याची आणि दोन ठिकाणी टिंब तपासण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

आता प्रत्येक प्रकाशित पत्रकाला "पुनर्विलोकन दिनांक" असा रकाना आहे. पेरणीच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, खरिपाच्या सगळ्या पत्रकांची तारीख येते आणि ती आपोआप एका यादीत गोळा होतात. तारीख उलटली म्हणून पत्रक प्रणालीने स्वतःहून मागे घ्यावे, अशी सूचना आमच्याकडे आली होती. जुलैतला तो दिवस आठवून मी तिला विरोध केला. पत्रक मागे घेण्याचा निर्णय तज्ज्ञांच्या नावावरच नोंदला जातो. आज सकाळी यादीत अकरा पत्रके होती. सहा तज्ज्ञ तपासणीत, चार माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी आणि तुरीच्या मर रोगावरचे एक मान्यतेसाठी आठ दिवसांपासून थांबलेले. त्या एकासाठी मी प्रमुखांना फोन केला आणि दुपारी ते मान्य होऊन आले.